गुडघ्याला बाशिंग

मराठी भाषेने गुडघ्यावर फार अन्याय केला आहे. हृदयाला तिने प्रेम दिले, डोळ्यांना काव्य दिले, हातांना कर्तृत्व दिले. गुडघ्याच्या वाट्याला मात्र सगळी नामुष्की! हार पत्करायची म्हणजे गुडघे टेकायचे. खचून जायचे म्हणजे गुडघ्यांत मान घालून बसायचे. एखाद्याला अक्कल कमी, तर त्याचा मेंदू गुडघ्यात. आणि उतावळ्या नवऱ्याने बाशिंग बांधायचे तेही गुडघ्यालाच! वीस वर्षे मी हे वाक्प्रचार वर्गात अर्थासह शिकवीत आलो आहे. ते चारही एकापाठोपाठ एक आपल्याच अंगावर येतील, असे मात्र कधी स्वप्नातही वाटले नव्हते.

चार वर्षांपूर्वी माझ्या रक्तातील साखर सीमारेषेवर येऊन उभी राहिली. वडील याच वाटेने गेले होते, त्यामुळे घरात सर्वांच्या तोंडचे पाणी पळाले. डॉक्टरांनी बजावले, “सर, खुर्चीवरून उठा आणि चालायला लागा.” मी चालायला लागलो. आणि चालता चालता, का कोण जाणे, एके दिवशी पळू लागलो.

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागले, की गोदावरी ओलांडल्यावर विष्णुपुरी येते. एका अंगाला बंधाऱ्याने अडवलेले गोदेचे विस्तीर्ण पाणी आणि काठावरचा काळेश्वर. दुसऱ्या अंगाला १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे उंचसखल माळरान. मे महिन्यात दुपारी पारा बेचाळिसाच्या वर जातो, पण पहाटे साडेपाचला त्या माळावर जो वारा असतो, तो शहरातल्या माणसाने पैसे देऊन घ्यावा. त्या वेळी तेथे पळायला येतात ती बहुतेक पोलीस भरतीची तयारी करणारी मुले. मुलग्यांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. एकेका सेकंदासाठी जिवाचे रान करीत असतात बिचारी! त्यांच्यात पोट सावरीत पळणारा मी एकटाच.

“सर, भरतीला उतरायलात की काय?” एकाने पहिल्याच आठवड्यात विचारले.

“नाही रे बाबा,” मी धापा टाकीत म्हणालो, “मी हकालपट्टी टाळतोय!”

सहा महिन्यांत साखर उतरली. पण खरे सांगायचे तर तोपर्यंत मी साखरेसाठी पळत नव्हतोच. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, बैठका, मुलीच्या बारावीची काळजी, आईचे आजारपण, या साऱ्यांतून दिवसाचा तेवढा एक तास माझा स्वतःचा होता. त्या तासात मी कोणाचा मुलगा नव्हतो, बाप नव्हतो, सर नव्हतो.

उतावळा नवरा

आणि मग मी बाशिंग बांधले. अर्ध्या मॅरेथॉनच्या एका शर्यतीची जाहिरात वाचनात आली. २१ किलोमीटर! शर्यतीला अवघे दोन महिने होते. मी आठवड्याला १५ किलोमीटर पळत असे, ते एका महिन्यात ३५ वर नेले. जरा हिशेब करा. माझ्या संथ चालीने एका किलोमीटरला सात मिनिटे लागतात आणि मिनिटाला सुमारे १६० पावले पडतात. म्हणजे किलोमीटरला अकराशेवर पावले. जे पाय आठवड्याला १७,००० पावले टाकीत होते, त्यांना मी ३९,००० टाकायला लावली. नोकराचे काम दुपटीहून अधिक वाढवायचे आणि पगारात पैही वाढवायची नाही, असा तो कारभार! नोकर संपावर गेला नसता तरच नवल.

पहिला इशारा जिन्यावर मिळाला. चढताना नव्हे, उतरताना. उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे कोणी बोथट खिळा रेटावा तसे झाले. मग परीक्षेच्या वेळी तीन तास खुर्चीत बसून उठलो, तो पुन्हा तीच कळ. तरी मी पळतच राहिलो. पंधराव्या दिवशी वाटेतच थांबलो आणि घरी लंगडत आलो. पहिला वाक्प्रचार पुरा झाला होता. आता दुसरा सुरू झाला. मी रीतसर गुडघे टेकले.

आपल्याकडे माणसाला ताप आला तर लोक डॉक्टरकडे जा म्हणतात. गुडघा दुखला तर प्रत्येकजण स्वतःच डॉक्टर होतो. शेजारच्या काकांनी महानारायण तेल आणून दिले. काकूंनी निर्गुडीच्या पाल्याचा शेक सांगितला. गावाकडच्या एका पाहुण्याने बिब्बा घालण्याचा आग्रह धरला. कातडी भाजून फोड येतात म्हणून सौभाग्यवतींनी तो बेत हाणून पाडला, हे त्यांचे उपकार. मी स्वतः आठ हजारांचे बूट आणि गुडघ्यावर चढवायचा एक लवचिक पट्टा घेतला. तेलाने आणि शेकाने तासभर बरे वाटे. बुटांनी बूट घातल्याचे समाधान मिळे.

शेवटी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी क्ष-किरण चित्र काढले, ते उजेडात धरून पाहिले आणि म्हणाले, “हाडं ठीक आहेत. पण चाळिशी उलटली ना आता? गुडघे झिजायचेच. पळणं बंद करा, आराम करा.”

मी दोन महिने आराम केला. दुखणे पार गेले. मोठ्या आनंदाने माळावर गेलो, आणि तिसऱ्या दिवशी तीच कळ त्याच जागी हजर! पुन्हा सहा आठवडे आराम, पुन्हा तेच. तोवर साखर मात्र न सांगता परत आली होती.

आईची खुर्ची

पण माझी खरी भीती साखरेची नव्हती. ती घरातच, खिडकीपाशी, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली होती.

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिचे माहेर कंधार तालुक्यातले. तरुणपणी ती माहूरगडाच्या पायऱ्या रेणुकेचे नाव घेत एका दमात चढत असे, आम्हा पोरांना मागे टाकून. बारा वर्षांपूर्वी तिचे गुडघे दुखू लागले. “झीज झाली आहे, जपून राहा,” असे तिला सांगण्यात आले. ती जपून राहू लागली. आधी गड सुटला. मग बाजार सुटला. मग जमिनीवर बसून पूजा करणे सुटले, देव स्टुलावर आले. आता तिचे जग म्हणजे खुर्ची, न्हाणीघर आणि पलंग. मी ‘आराम’ करीत तिच्याशेजारी बसत असे, तेव्हा मला माझीच तीस वर्षांनंतरची खुर्ची दिसे. तिसरा वाक्प्रचार असा पदरी आला: मी गुडघ्यांत मान घालून बसलो.

अशा वेळी एका जुन्या विद्यार्थ्याने मला नांदेडातील एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेले. वयाने माझ्या विद्यार्थिनीच शोभाव्यात. त्यांनी गुडघ्याकडे जेमतेम पाहिले. मला एका पायावर उभे केले आणि पायरीवरून हळूच खाली उतरायला सांगितले. समोर आरसा होता. त्यात मी जे पाहिले, त्याने थक्क झालो. माझी कंबर एका बाजूला कलली, मांडी आत वळली आणि गुडघा बिचारा मधल्यामध्ये लटलटत आत झुकला.

“सर, गुडघा निर्दोष आहे,” बाई म्हणाल्या. “कामचुकार लोक वर राहतात. शिक्षा याला होते.”

वाटीमागचे राजकारण

मग त्यांनी जे समजावून सांगितले, ते मला कोणी पूर्वीच सांगितले असते तर वर्ष वाचले असते. म्हणून येथे थोडे विस्ताराने देतो.

गुडघ्याची वाटी म्हणजे नुसते झाकण नव्हे. ती एक कप्पी आहे. जुन्या विहिरीवर मोटेचा नाडा जसा चाकावरून जाई, तसा मांडीच्या पुढल्या स्नायूंचा दोर या वाटीवरून जाऊन खाली नडगीच्या हाडाला बांधलेला असतो. वाटीमुळे त्या दोराला जोर लावता येतो. हा जोर जितका अधिक, तितकी वाटी मागे मांडीच्या हाडावर दाबली जाते. सपाटीवर चालताना हा दाब शरीराच्या वजनाच्या सुमारे निम्मा असतो. जिन्यावर तो तिपटीच्याही पुढे जातो आणि पूर्ण उकिडवे बसताना सात-आठपटीपर्यंत पोचतो. माझे वजन ७४ किलो. म्हणजे जिना उतरताना त्या चिमुकल्या वाटीमागे दोन क्विंटलांहून अधिक भार पडत होता! निसर्गाने याची तजवीज केलेली आहे. शरीरातील सर्वांत जाड कूर्चा याच वाटीच्या आतल्या अंगाला असते. पण चाक सरळ असले, तरच नाडा सरळ चालतो. कमरेच्या बाजूचे आणि नितंबाचे स्नायू दुबळे असले की मांडी आत वळते, वाटी आपल्या खाचेत नीट सरकत नाही आणि भार एकाच कडेवर पडतो. त्यात काम एकाएकी वाढले, की दुखणे सुरू. पळणाऱ्यांत हे दुखणे इतके सर्वत्र आढळते, की इंग्रजीत त्याला पळणाऱ्याचा गुडघा असेच नाव पडले आहे. क्ष-किरणांत त्याचा मागमूस दिसत नाही, कारण मोडलेले असे काही नसतेच.

“मग आरामाने बरं का होत नाही?” मी विचारले.

“आरामानं दुखणं झोपतं. पण तेवढ्या वेळात स्नायू आणखी दुबळे होतात. तुम्ही परत पळायला जाता ते आधीपेक्षा कमजोर पाय घेऊन.”

कूर्चेचीही गोष्ट अशीच. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणातूनच तिचे पोषण होते. आणि तेही स्पंजासारखे. दाबले की द्रव बाहेर, सोडले की आत. भार आणि विसावा यांच्या आलटापालटीवरच ती जगते. नुसता भार तिला सोसत नाही हे खरे, पण नुसता विसावाही मानवत नाही.

‘पळण्याने गुडघे झिजतात’ या समजुतीचाही निकाल येथेच लावून टाकतो. २०१७ साली लाखाहून अधिक लोकांची माहिती असलेल्या निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्रित ताळा प्रसिद्ध झाला. खुब्याची व गुडघ्याची झीज हौसेने पळणाऱ्यांत शेकडा ३.५ जणांत आढळली; बैठे जीवन जगणाऱ्यांत शेकडा १०.२ जणांत, आणि स्पर्धेसाठी रक्त आटवणाऱ्यांत शेकडा १३.३ जणांत. एवढ्यावरून पळण्यामुळेच गुडघे वाचतात असे म्हणणे घाईचे होईल. धडधाकट माणसेच पळायला जात असतील. पण बेताने पळणारा माणूस गुडघे घालवून बसतो, या भीतीत फारसे तथ्य नाही, एवढे निश्चित. झीज दोन टोकांना आहे: खुर्चीपाशी आणि हव्यासापाशी. मी एका टोकाहून उठलो तो थेट दुसऱ्या टोकाला जाऊन धडकलो होतो.

दुखण्या-दुखण्यांतला भेद

येथे एक खबरदारी सांगितली पाहिजे. गुडघेदुखी सगळी एक नव्हे. आपल्या मराठवाड्याचाच अविनाश साबळे पाहा. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा. लष्करात गेला आणि ३००० मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत उतरला. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला त्याने राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवले, २०२३ मध्ये हांगचौला आशियाई सुवर्णपदक, आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचला. पुढे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीवर तो पडला; गुडघ्यातील अस्थिबंध आणि गादी यांना इजा झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. हा घाव एका क्षणाचा. तेथे व्यायामाच्या गप्पा मारीत वेळ घालवणे म्हणजे आत्मघात.

तेव्हा पडल्यामुळे किंवा मुरगळल्यामुळे गुडघा सुजला, मध्येच अडकून बसू लागला, चालताना दगा देऊ लागला, रात्री विसाव्यातही ठणकू लागला, किंवा लाल होऊन ताप आला, तर तडक तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे. माझे दुखणे या जातीचे नव्हते. ते हळूहळू आले होते, आणि बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले की जाईलही हळूहळूच. “बारा आठवडे द्या. त्याच्या आत मला विचारायचं नाही.”

टप्प्याटप्प्याने

त्यांनी दिलेले व्यायाम इतके साधे होते की माझा अपमान झाल्यासारखे वाटले. कुशीवर निजून वरचा पाय सरळ उचलायचा. उताणे निजून, गुडघे वाकवून कंबर वर उचलायची. भिंतीला पाठ टेकून नसलेल्या खुर्चीवर बसायचे. आणि आरशासमोर त्या पायरीवरून हळूच उतरायचे, गुडघा आत झुकू न देता. आठवड्यातून तीन दिवस. तिसऱ्याच दिवशी अपमान ओसरला, कारण कुशीवरून पाय पंधरा वेळा उचलताना मी घामाने डबडबलो. ज्या स्नायूंच्या जिवावर २१ किलोमीटर पळायला निघालो होतो, त्यांची ही पुंजी!

पळणेही बंद नव्हते. एक मिनिट पळायचे, एक मिनिट चालायचे, असे दहा वेळा. कळ दहापैकी दोन-तीन गुणांची असली तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा पूर्वीसारखा असला पाहिजे. नसला, तर आदला दिवस जास्त झाला, असे समजून एक पाऊल मागे यायचे. गुण देण्याचा माझा वीस वर्षांचा अनुभव असा कामी आला. आणखी एक युक्ती होती. लांब ढांगा टाकायच्या नाहीत. पावले आखूड आणि थोडी जलद टाकायची. मिनिटाला १६० ऐवजी १७० पावले टाकली की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार कमी होतो. मला आकडे मोजणे जमेना, तेव्हा लहानपणी शाळेत खेळलेल्या लेझमीचा ठेका मनात धरला. भरतीची पोरे मला पाहून हसत. एक मिनिट पळून चालू लागणारा इसम त्यांनी कधी पाहिला नसावा.

पाचव्या आठवड्यात मला पुन्हा बाशिंग चढले. दोन दिवस बरे वाटले म्हणून मी सलग चार किलोमीटर पळालो, आणि तिसऱ्या दिवशी जिन्याचा कठडा धरून उतरलो. चौथा वाक्प्रचार कोणता, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल: मेंदू खरोखरच गुडघ्यात गेला होता. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी खिडकीतून नदीच्या दिशेने बोट केले. “सर, विष्णुपुरीचं पाणी शेतावर कसं जातं?”

मी गप्प झालो. विष्णुपुरी ही उपसा सिंचनाची योजना आहे. तिचे पाणी उताराने आपोआप वाहत जात नाही. ते पंपांनी उचलून उंचावरच्या शेतांना पोचवावे लागते. ज्या माणसाने उभे आयुष्य या पाण्याच्या काठावर काढले, त्याला ‘उचलून न्यावे लागते, आपोआप होत नाही’ एवढी गोष्ट कळू नये, याची मला लाज वाटली.

दोन विद्यार्थी

व्यायाम मी आईच्या खोलीत करीत असे, कारण लांब आरसा तेथेच होता. ती खुर्चीतून पाहत असे. एके दिवशी म्हणाली, “बाबू, हे माझ्या गुडघ्याला चालतं का रे?”

खरोखर सांगतो, हा प्रश्न मला वर्षभरात सुचला नव्हता. माझ्या पायांची मला इतकी चिंता, आणि बारा वर्षे शेजारी बसलेल्या आईचे पाय मी गृहीत धरले होते. दुसऱ्या दिवशी तिला बाईंकडे नेले. तिचे दुखणे माझ्याहून निराळे. तेथे झीज होतीच. पण बाई म्हणाल्या, “झिजलेल्या गुडघ्यालासुद्धा पहिलं औषध व्यायामच, मावशी. तुम्हाला जपायला सांगितलं, ते पडू नये म्हणून. बसून राहायला नव्हे.”

तेव्हापासून आमच्या घरी पहाटे दोन विद्यार्थी असतात. आई खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करते, पाच मोजेपर्यंत धरते आणि सोडते. मग हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचे आणि बसायचे. पहिल्या दिवशी तिला एकदाही उठता आले नाही. तिसऱ्या आठवड्यात ती दोन वेळा उठली. आता दहा वेळा उठते आणि दर वेळी रेणुकेचे नाव घेते. गुडघे अजून दुखतात. झिजलेली कूर्चा काही परत आलेली नाही, आणि तसे वचन कोणी दिलेही नव्हते. पण यंदा श्रावणातल्या एका सोमवारी ती माझा हात धरून काळेश्वराला आली. तीन ठिकाणी थांबली. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर नदीकडे तोंड करून बराच वेळ उभीच राहिली. मी म्हणालो, “आई, बस जरा.”

“बारा वर्षं बसलेच की,” ती म्हणाली. “उभं राहू दे.”

माझे म्हणाल, तर बारा नव्हे, अठरा आठवडे लागले. आता आठवड्यातून चार दिवस पाच-पाच किलोमीटर पळतो. साखर पुन्हा आपल्या जागी गेली आहे. व्यायाम मात्र सुटलेले नाहीत. ते सुटले की पंधरा दिवसांत जिना आठवण करून देतो. ती अर्धी मॅरेथॉन राहूनच गेली. पुढच्या साली जमले तर उतरेन, नाही तर त्याच्या पुढच्या. बाशिंग सोडून मी ते माळ्यावर ठेवून दिले आहे.

दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती माणसे जमतात आणि हटकून कोणीतरी उठताना गुडघ्यावर हात ठेवून ‘आई गं’ म्हणते. आपल्या घरीही म्हणेल. त्या वेळी तेलाची बाटली पुढे करण्यापूर्वी एवढेच विचारा, की हा गुडघा किती दिवस बसून आहे, किंवा किती दिवस त्याला कोणी दुप्पट राबवते आहे. बहुतेक वेळा उत्तर या दोहोंपैकी एक निघते. मग तज्ज्ञाला एकदा दाखवा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या माणसाबरोबर आपणही एक खुर्ची घेऊन बसा. एकट्याने हे काम फार कंटाळवाणे आहे. दोघे असले की मोजायला बरे पडते.